बुलेटची चाके आणि साहेबांची सही

ज्ञानदेव भालेरावच्या बढतीचा आदेश ५ मार्च १९७३ रोजी, सोमवारी, दौंडच्या कचेरीत पोहोचला. पोस्टातून टपाल आणण्याचे काम शिपायाचे, आणि शिपाई ज्ञानदेवच. तेव्हा स्वतःचा आदेश त्याने स्वतःच सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून आणला. पाकीट हेडक्लार्क हौशीराम बनकर यांनी फोडले, चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ धरला आणि ते ओरडले,

“ज्ञानदेवा, पेढे आण! लेका, क्लार्क झालास!”

आदेश चार ओळींचा होता. शिपाई ज्ञानदेव दगडोबा भालेराव यांची शिरूरच्या कचेरीत कनिष्ठ लिपिक म्हणून नेमणूक करण्यात येत आहे. त्यांना त्वरित कार्यमुक्त करावे. ३१ मार्चपर्यंत ते हजर न झाल्यास आदेश रद्द समजून यादीतील पुढील उमेदवारास बोलावण्यात येईल.

कार्यमुक्त करणे म्हणजे जुन्या कचेरीच्या साहेबाने ‘या माणसास सोडले’ असे लिहून खाली सही करणे. त्या कागदाशिवाय नवी कचेरी माणसाला खुर्चीवर बसू देत नाही. सही एकच लागते आणि ती एकाच माणसाची चालते. दौंडमध्ये तो माणूस म्हणजे उपअभियंता बबनराव काटकर.

काटकर साहेबांनी आदेश वाचला आणि ज्ञानदेवचे अभिनंदन केले.

“छान झालं. पण लगेच कसं सोडू तुला? अकरा ठिकाणी दुष्काळी कामं चालू आहेत.” मग खिडकीबाहेर उभ्या असलेल्या आपल्या बुलेटकडे त्यांनी पाहिले. “आणि माझी चाकं कोण बघणार?”

खोलीतले सगळे हसले. ज्ञानदेवही हसला.

तो बत्तीस वर्षांचा होता. मूळचा शिरूर तालुक्यातल्या केंदूरचा. कचेरीत शिपाई म्हणून लागण्याआधी दोन वर्षे त्याने दौंडच्या रेल्वेत बदली कामगार म्हणून कोळशाची इंजिने पुसली होती. शिपाई झाल्यावर रात्रशाळेत जाऊन तो दुसऱ्या खेपेला एस.एस.सी. झाला. खेड्यातून आलेले अर्ज तो हौशीरामांच्या आधी वाचून काढी आणि कोणता कोणत्या टेबलावर जाईल ते सांगे. तो बहुधा चुकत नसे.

बुलेटची चाके पुसायला त्याला कोणी सांगितले नव्हते. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी साहेब चिखलाने भरलेली गाडी लावून जेवायला गेले. ज्ञानदेवला काम नव्हते. इंजिन पुसायची सवय हातात होती. साहेब परत आले तेव्हा दोन्ही चाके दुकानात असतात तशी दिसत होती. साहेब गाडीभोवती एक फेरी मारून आत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी त्याच जागी लावली आणि किल्ली ज्ञानदेवच्या स्टुलावर ठेवली.

पुढे कचेरीची जीप पुण्याच्या वर्कशॉपात गेली ती परत आली नाही. दुष्काळ पडला, रस्त्यांची आणि खडीची कामे निघाली, आणि साहेब रोज पन्नास-साठ मैल बुलेटवर फिरू लागले. मुरमाची तांबडी धूळ, चेनमधून उडालेले ग्रीस आणि सोलापूर रस्त्यावर पातळ होऊन पसरलेले डांबर, असे तिन्ही मिळून चाकावर जे बसते ते पाण्याने निघत नाही. उन्हात भाजून त्याची कवचासारखी खपली होते. एका चाकाला चाळीस स्पोक. प्रत्येक स्पोक जिथे रिममध्ये शिरतो तिथे हरभऱ्याएवढी गाठ बसते. बाहेरचे पुसणारे फडके मारतात आणि गाठी तशाच ठेवतात. ज्ञानदेव आधी गाठीच काढायचा.

त्याची पद्धत ठरलेली होती. रस्त्यावर लावायच्या लाल कंदिलांसाठी कचेरीत घासलेट येई. त्यातले वाटीभर घेऊन चिंधीने गाठीवर ठेवायचे आणि बिडी ओढून होईपर्यंत हात लावायचा नाही. मग कळकाची कामटी. लोखंड कधीच नाही, लोखंडाने क्रोमवर ओरखडा उठतो. गाठ निघाली की सुताची दोरी स्पोकला एक वेढा देऊन दोन्ही टोकांनी पुढे-मागे ओढायची. शेवटी चाळलेली राख आणि कोरडे फडके. दोन्ही चाकांना अडीच तास लागत. दर शनिवारी साहेब खिशातून पांढरा रुमाल काढत आणि दोन-तीन स्पोक चिमटीत धरून पुसून पाहत. रुमाल पांढराच खिशात जाई. पुण्याच्या मीटिंगला बाकीच्यांच्या गाड्या आणि काटकरांची गाडी शेजारी लागली की लोक बोलत, हेही साहेबांनी एकदा स्वतःच सांगितले होते.

मार्चचा दुसरा आठवडा गेला. आदेश साहेबांच्या टेबलावर काचेच्या खाली होता. ज्ञानदेव रोज टेबल पुसताना तो वाचायचा. त्याने स्मरणपत्र लिहिले. स्मरणपत्र वरच्या कचेरीत पाठवायचे तर ‘योग्य मार्गाने’ पाठवावे लागते, आणि योग्य मार्ग काटकर साहेबांच्या टेबलावरून जातो. स्मरणपत्र आदेशाखाली गेले. दुसरे लिहिले, तेही तिथेच गेले.

हौशीरामांनी त्याला बाजूला घेतले.

“हे बघ, साहेबांना तू नकोयस. त्यांना चाकं पाहिजेत. दुसरा माणूस तयार करून दे, सही होईल.”

दुसरा माणूस एकच होता. म्हाळू खुटबावचा, कचेरीतला जुना शिपाई, ज्ञानदेवहून दहा वर्षांनी मोठा. ज्ञानदेवने त्याला तीन दिवस शेजारी बसवून शिकवले. गाठ कशी भिजवायची, दोरी कशी ओढायची, राख कुठे चालते आणि कुठे नाही. म्हाळू मान डोलवत होता. चौथ्या दिवशी तो एकटा बसला. अर्ध्या तासाने साहेबांचा आवाज कचेरीच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला. म्हाळूने स्क्रू-ड्रायव्हरने खरवडून पुढच्या रिमवर बोटभर लांबीचे तीन ओरखडे पाडले होते. पुन्हा गाडीला हात लावलास तर बघ, असा दम त्याला मिळाला.

म्हाळू मागच्या ओट्यावर येऊन निवांत तंबाखू मळायला बसला.

“म्हाळूदा, कामटी दिली व्हती ना तुला? स्क्रू-ड्रायव्हर कशाला घेतला?”

“कामटीनं निघालं असतं.”

“मग?”

“मग म्हाळूला जमतंय असं झालं असतं.” त्याने चुना झटकला. “ज्ञानबा, चौदा वर्सं नोकरी झाली माझी. मला चहा करता येत न्हाई, सायकल येत न्हाई, साहेबाचं पोरगं खेळवता येत न्हाई. फकस्त स्टुलावर बसता येतं. तुला समदंच येतं. तवा तूच बस घासत.”

ज्ञानदेवला राग आला नाही. त्याला फक्त शिपाईगिरीच्या सात वर्षांत आपण काय केले याचा हिशेब लागला.

घरी, स्टेशनापलीकडच्या एका खोलीत, त्याची बायको सिंधूबाई दिवस मोजत होती. धाकट्या मुलीचे नाव जूनमध्ये शिरूरच्याच शाळेत घालायचे तिने ठरवले होते. नवऱ्याला करडईच्या तेलाची वाटी कागदात गुंडाळताना पाहून ती म्हणाली,

“भाजीला तेल न्हाई आन् साहेबाच्या चाकाला हाय?”

“डांबर तेलानंच सुटतं. घासलेटनं नुस्तं पसरतं.”

“नका सोडवू. राहू द्या तसंच. घाण चाक बघितलं की साहेबच म्हणंल, जा बाबा शिरूरला.”

“तसं न्हाई व्हत. बढती मिळाल्यावर माजला म्हणंल. आन् गोपनीय शेरा खराब केला म्हंजी शिरूरबी गेलं.”

“म्हंजी चांगलं केलं तरी सोडत न्हाई, वाईट केलं तरी सोडत न्हाई.”

“व्हय.”

“तुमच्या बानं छप्पन सालात गावकी सोडली,” सिंधूबाई म्हणाली. “मेलेलं ढोर वढणार न्हाई म्हटले, सांगावा घेऊन जाणार न्हाई म्हटले. कुणाची सही लागली व्हती त्यांना?”

ज्ञानदेवने तेलाची वाटी फडताळात परत ठेवली. दगडोबा भालेराव दीक्षा घेऊन आले त्या आठवड्यात घुंगरांची काठी चावडीच्या पायरीवर ठेवून निघून आले होते. ज्ञानदेव तेव्हा पंधरा वर्षांचा होता आणि सोबत होता. पण त्या काठीला पेन्शन नव्हती, आणि पुढच्या उमेदवाराची यादीही नव्हती.

तरी शनिवारी, १७ तारखेला, त्याने सिंधूबाईचे ऐकले. चाके समोरून पुसली आणि चाकाच्या मध्यावरच्या हबच्या मागची बाजू तशीच ठेवली. साहेबांनी रुमाल नेमका तिथेच फिरवला. रुमाल काळा झाला. ज्ञानदेव शिव्यांची वाट पाहत उभा राहिला. साहेबांनी शिव्या दिल्या नाहीत.

“मन लागत नाही का तुझं?” त्यांनी हळू विचारले. “बदलीचं डोक्यात घेऊन बसू नकोस. बघू आपण पुढच्या आठवड्यात.”

पुढच्या आठवड्यात त्यांनी पाहिले नाही.

२६ मार्चला, सोमवारी, साहेब भांडगावहून आले ते डांबराच्या गाडीमागून आल्यासारखे. तिथे हमरस्त्यावर नवे डांबर ओतले होते आणि बुलेट त्यातून गेली होती. दोन्ही रिम काळ्या होत्या, वर मुरूम चिकटला होता, मागच्या चाकाचे स्पोक तर बोटाएवढे जाड झाले होते. साहेबांनी गाडी स्टँडवर लावली आणि हातमोजे काढत ज्ञानदेवला हाक मारली. हौशीराम दारातच उभे होते.

“गुरुवारी पुण्याहून मोठे साहेब कामं बघायला येतायत. त्यांच्या मोटारीपुढं मी बुलेटवर असणार. तेव्हा ही गाडी तुझ्या हाताची दिसली पाहिजे. हे झालं की त्याच दिवशी तुझ्या कागदावर सही.”

“गुरुवारी, साहेब?”

“गुरुवारी. बनकर, तुम्ही साक्षी.”

हौशीराम म्हणाले, “हो साहेब.” आत जाऊन त्यांनी कार्यमुक्तीच्या आदेशाचा मसुदा टाइप केला, तारीख टाकली २९ मार्च, आणि सहीची जागा मोकळी ठेवली.

ज्ञानदेवने मंगळवारी संध्याकाळी दोन्ही चाकांना करडईचे तेल चोळून ठेवले. सिंधूबाईने वाटी स्वतः काढून दिली होती. बुधवारी दिवसभर तो कामटी घेऊन बसला. डांबर मऊ होऊन पापुद्र्यासारखे निघत होते, पण त्याच्या आत जुने ग्रीस होते आणि ग्रीसच्या आत वाळू. एका स्पोकला बारा मिनिटे लागत होती. ऊन सरकले तशी त्याने बुलेटही सरकवली. अंधार पडेपर्यंत पुढचे चाक पूर्ण झाले आणि मागचे निम्मे. गुरुवारी सकाळी सहाला तो परत आला. साहेब साडेनऊला निघणार होते.

एरवी तो हबजवळ काम करताना ब्रेकच्या पत्र्याच्या कडेला चिंधीची वळी घट्ट बसवायचा, म्हणजे घासलेट आत जात नाही. त्या सकाळी वीस स्पोक उरले होते आणि चिंध्या संपत आल्या होत्या. उरलेल्या वळीसाठी वापरल्या तर पुसायला काही राहणार नव्हते. त्याने वळी लावली नाही. वाटी कलती करून घासलेट सरळ हबवर सोडले. तेलाने मऊ झालेले डांबर भराभर सुटले. नऊ वाजून दहा मिनिटांनी मागचे चाक पुढच्यासारखे झाले. त्याने राख पुसली, उभे राहून चाक हाताने फिरवले आणि पायाने ब्रेक दाबला.

चाक थांबले नाही. फिरत राहिले आणि आपल्या गतीने मंद होत उभे राहिले.

त्याने पुन्हा फिरवून पुन्हा दाबले. ब्रेकच्या पत्र्याखालून एक थेंब आला, खाली लोंबला आणि पडला. घासलेट आत गेले होते. ब्रेकची पट्टी एकदा तेलकट झाली की धरत नाही. चाक काढून, पट्टी बाहेर काढून उन्हात वाळवावी, पॉलिश पेपरने घासावी, तेव्हा काही उपयोग. मेकॅनिक लागतो आणि दोन-अडीच तास लागतात. त्याच्याजवळ वीस मिनिटे होती.

बाहेरून चाक अगदी सुंदर दिसत होते. साहेब आले असते, गाडीभोवती फेरी मारली असती आणि सही केली असती. गाडी दारातून बाहेर पडल्यावर तो आत जाऊन तो कागद घेऊ शकत होता. पुढचा ब्रेक शाबूत होता. साहेब जुने चालवणारे होते. कदाचित काही झाले नसते. पण भांडगावच्या रस्त्याला खडी पसरलेली होती, मागे मोठ्या साहेबांची मोटार असणार होती, आणि दुष्काळी कामावरच्या बाया डोक्यावर पाट्या घेऊन कडेने चालत असणार होत्या. आणि खडीवर नुसता पुढचा ब्रेक दाबला की गाडी कशी आडवी होते ते ज्ञानदेवने एकदा पाहिले होते.

काटकर साहेब इस्त्रीच्या कपड्यांत पायऱ्या उतरून आले. चाकांकडे पाहून थबकले.

“वा,” ते म्हणाले. “बनकर, आणा तो कागद. इथंच करतो सही.”

हौशीराम कागद आणि पेन घेऊन धावत आले. साहेबांनी बुलेटच्या सीटवर कागद ठेवला आणि टोपण काढले.

“साहेब,” ज्ञानदेव म्हणाला, “गाडी न्हेऊ नका. मागच्या ब्रेकात घासलेट गेलंय. धरत न्हाई.”

साहेबांनी पेन तसेच धरून त्याच्याकडे पाहिले. मग वाकून चाक फिरवले आणि पायाने ब्रेक दाबला. दोनदा केले. कागद उचलून त्यांनी हौशीरामांच्या हातात दिला, टोपण लावले.

“कसं गेलं?”

“माझी चूक. वळी लावली न्हाई. घाई झाली.”

त्याच वेळी मोठ्या साहेबांची मोटार फाटकातून आत आली. काटकर साहेब पुढे झाले, त्यांच्याशी काही बोलले, आणि मोटारीतच मागे बसून निघून गेले. हौशीराम आणि ज्ञानदेव गाडीपाशी उभे राहिले.

“दोन मिनिटं,” हौशीराम म्हणाले. “दोन मिनिटं थांबला असतास. शाई तरी वाळू द्यायची.”

“आन् मग सांगितलं असतं? सही झाल्यावर?”

हौशीराम मेकॅनिकला बोलवायला गेले.

साहेब संध्याकाळी पाचला आले तेव्हा खुशीत होते. पाहणी चांगली झाली होती. ज्ञानदेवने दिलेले पाणी ते उभ्यानेच प्याले.

“मोटारीत मी मोठ्या साहेबांना तुझी गोष्ट सांगितली,” ते म्हणाले. “दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. मी उताणा पडलो असतो. ते म्हणाले, असा माणूस हाताशी ठेवावा.” त्यांनी काच उचलून आदेश बाहेर काढला. “क्लार्क काय, कुणीही होतं. दुष्काळ संपू दे, मी स्वतः तुझ्यासाठी शब्द टाकीन. इथंच, दौंडला.”

आणि आदेशाच्या समासात त्यांनी लिहिले: ‘दुष्काळी कामांची निकड पाहता सध्या कार्यमुक्त करणे शक्य नाही.’ खाली सही केली. सही मोठी आणि वळणदार होती. ज्ञानदेव ती पंचवीस दिवस मागत होता.

त्या रात्री सिंधूबाई रागावली नाही. तिने फक्त विचारले, “पुढचा उमेदवार कोण हाय?” ज्ञानदेवला माहीत नव्हते.

शुक्रवारी, ३० तारखेला, दुपारी दोनच्या सुमारास साहेबांनी घंटा वाजवली. वर्षअखेर होती. शिरूरकडून आणलेल्या डांबराच्या पिंपांचे कागद शिरूरच्या कचेरीत ३१ मार्चच्या आत पोहोचायलाच हवे होते. पोस्टाने वेळेवर गेले नसते.

“म्हाळूला पाठवू का?” हौशीरामांनी विचारले.

“म्हाळू वाटेत न्हावऱ्यातच उतरून झोपेल. ज्ञानदेवला पाठवा. विश्वासाचं काम आहे.”

हौशीरामांनी कागदांचे पाकीट बांधले, टपालवहीत पहिली ओळ लिहिली आणि वही ज्ञानदेवपुढे सरकवली. टपालवही म्हणजे शिपायाचा पुरावा. कोणता कागद कोणाला दिला ते त्यात लिहायचे आणि घेणाऱ्याची सही, शिक्का, तारीख समोर घ्यायची. सात वर्षांत ज्ञानदेवने असल्या अकरा वह्या भरल्या होत्या.

“शिरूरला आवकच्या टेबलावर मारुतराव गव्हाणे बसतात,” हौशीराम दोऱ्याला गाठ मारता मारता म्हणाले. “जुनी सवय आहे त्यांची. आलेला कागद आधी घ्यायचा, वहीत सही करायची, वाचायचा नंतर. टपाल परत करता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. बरोबरच आहे.”

ज्ञानदेव ऐकत होता.

“आणि मुदतीच्या आत माणूस दारात आला होता अशी नोंद असली तर ‘हजर झाला नाही’ असं कुणी लिहू शकत नाही. हे आपलं सहज सांगतो.” त्यांनी चष्मा पुसला. “म्हणजे मी काही सांगितलं नाही.”

“न्हाई, आप्पा.”

“काय नाही सांगितलं?”

“काहीच न्हाई.”

त्याने घरी जाऊन मुलाच्या वहीचा कागद फाडला आणि एकदाच, न खोडता लिहिले: ‘मी, ज्ञानदेव दगडोबा भालेराव, संदर्भाधीन आदेशानुसार आज दि. ३१ मार्च १९७३ रोजी हजर होण्यासाठी आलो आहे. माझ्या कचेरीने मला कार्यमुक्त केलेले नाही. तरी मी मुदतीत उपस्थित झाल्याची नोंद व्हावी.’ सिंधूबाईने ते मोठ्याने वाचून दाखवायला लावले. दुसऱ्यांदाही वाचायला लावले.

शनिवारी दोन एसट्या बदलून तो सव्वाअकराला शिरूरला उतरला. कचेरीत वर्षअखेरीची गर्दी होती. आवकच्या टेबलावर मारुतराव गव्हाणे, जाड भिंगांचे, कानामागे पेन्सिल लावलेले, समोर कागदांचा ढीग घेऊन बसले होते. शेजारी एक टेबल रिकामे होते. त्यावरच्या टाइपरायटरवर धूळ होती.

“दौंडचं टपाल,” ज्ञानदेव म्हणाला.

“ठेव. किती?”

“दोन.”

त्याने पिंपांचे पाकीट आणि आपला कागद ठेवला. वहीत दोन ओळी होत्या. दुसरी ओळ त्याने बसमध्ये लिहिली होती, अक्षर थोडे हलले होते. मारुतरावांनी दोन्ही ओळींपुढे सही केली, दोन्ही कागदांवर शिक्का मारला, आवक क्रमांक टाकले. मग दुसरा कागद उलगडला.

वाचता वाचता त्यांनी पेन्सिल कानामागून काढली.

“भालेराव म्हणजे?”

“मी.”

“अरे, टपाल आणणारा तू आणि टपाल पण तूच? हे परत घे.”

“वहीत सही झाली, साहेब.”

मारुतरावांनी वही ओढून आपलीच सही पाहिली. “बेरकी आहेस. कार्यमुक्तीशिवाय मी तुला खुर्ची देऊ शकत नाही, ठाऊक आहे ना? आमच्या मस्टरवर तुझं नाव येणार नाही.”

“खुर्ची मागत न्हाई.”

“मग काय मागतोस?”

“आलो व्हतो एवढं लिहिलेलं पायजे.”

मारुतरावांनी शेजारच्या टेबलाकडे हात केला. “चार महिने ही जागा रिकामी आहे. दोन माणसांचं काम मी एकटा ओढतोय. यादीतला पुढचा माणूस कोण आहे, माहीत आहे तुला? त्याने पोलिसात नोकरी धरली. तू आला नाहीस तर ही जागा पुढच्या मार्चपर्यंत अशीच. आणि तुझा साहेब तुला सोडत का नाही? असं कोणतं काम करतोस तिथं?”

ज्ञानदेवने आठवून पाहिले.

“टपालाचं,” तो म्हणाला.

मारुतराव उठून आत गेले. पाऊण तासाने बाहेर आले ते आपल्या साहेबांच्या सहीचे पत्र घेऊन. पाकीट बंद करण्याआधी त्यांनी ते ज्ञानदेवला वाचू दिले. सदर कर्मचारी मुदतीत उपस्थित झाले असल्याने आदेश रद्द होत नाही. पद रिक्त असून कामाचा खोळंबा होत आहे. त्यांना त्वरित सोडावे. न सोडल्यास कारणे लेखी कळवावीत. प्रत: पुणे.

“पोस्टानं पाठवलं तर आठ दिवस,” मारुतराव म्हणाले. “दौंडला जाणारा दुसरा माणूस माझ्याकडं नाही.” त्यांनी वहीकडे बोट दाखवले. “लिही तिसरी ओळ.”

परतीच्या एसटीत उभे राहायलाही जागा नव्हती. ज्ञानदेवने पाकीट सदऱ्याच्या आत ठेवले. तो सुटला नव्हता, हे त्याला कळत होते. सोमवारी पुन्हा दौंडच्याच मस्टरवर सही करायची होती. शिरूरची खुर्ची आता दुसऱ्या कोणाला जाणार नव्हती, पण ती त्याची होईपर्यंत किती सोमवार जातील हे त्या पत्रात लिहिलेले नव्हते.

कचेरीपुढे बुलेट उभी होती. दोन दिवसांत मागच्या चाकावर पुन्हा मुरूम बसला होता. साहेब आत वर्षअखेरीच्या कागदांवर सह्या करत होते. हौशीराम आपल्या टेबलावरून मान वर न करता लिहीत राहिले.

“दिलेस कागद?” साहेबांनी विचारले.

“दिले, साहेब. हे शिरूरचं उत्तर.”

काटकर साहेबांनी पाकीट फोडले. पत्र वाचले, मग ‘प्रत: पुणे’ या दोन शब्दांपाशी पुन्हा आले.

“तुला मी कशाला पाठवलं होतं?”

“पिंपांचे कागद द्यायला.”

“आणि हे काय?”

“टपाल. त्यांनी दिलं, मी आणलं.”

साहेबांनी पत्र टेबलावर पालथे ठेवले. “सोमवारी बघू,” ते म्हणाले. “बाहेर चाकं बघितलीस का?”

“बघितली, साहेब.” ज्ञानदेवने टपालवही उघडून त्यांच्यापुढे ठेवली आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवले. “पत्र मिळाल्याची सही.”

“सोमवारी घे.”

“टपाल आज दिलंय, साहेब.”

हौशीरामांचे लिहिणे थांबले. बाहेर म्हाळूच्या खोकल्याचा आवाज आला. ज्ञानदेव वहीवर बोट ठेवून उभा होता. बोटाच्या नखाखाली अजून डांबर होते. साहेबांनी ते पाहिले, वहीतली ओळ पाहिली, आणि पेन उचलून सही केली.

“तारीख पण,” ज्ञानदेव म्हणाला. “आन् वेळ.”

साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि लिहिले: ३१-३-७३, पाच चाळीस.